माता सहकार्य करत नाही

१७ नोव्हेंबर
आठवा दिवस. वजन १ किलो ९६०. जन्माचं २ किलो १५०. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, हे मीच कितीतरी बायांना सांगितलंय. तरी काट्याकडे पाहवत नाही.
लिहायची सवय नोकरीनं लावली. नऊ वर्षं उपकेंद्रावर नर्स, म्हणजे नऊ वर्षं रजिस्टर. तेव्हा हिचंही लिहू म्हटलं. किती वाजता पाजलं, किती वेळ, शू किती, शी किती.
सकाळी ६.१० डावीकडे, पाच मिनिटं, झोपली.
७.४० रडली. तोंड लावलं, ओढलं नाही.
८.०० पुन्हा नाही.
त्यापुढे लिहिलंच नाही. मन झालं नाही.

१८ नोव्हेंबर
आईनं तिला पायावर घेऊन आंघोळ घातली. बाहेर थंडी, न्हाणीत वाफ. आई हसून राहिली, "नाक पाह्य, नाक. डिट्टो तुह्या बापाचं." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
मी पाहिलं. नाक होतं. नाकासारखं नाक.
नर्सिंग शिकताना वॉर्डात कधी गर्दी झाली की एखाद्या बाईचं बाळ दुसरीच्या खाटेवर ठेवायचो आम्ही थोडा वेळ. तसं वाटतं. कोणीतरी येईल आणि उचलून घेऊन जाईल, मग मी झोपेन.
येईल तेव्हा येईल. ही पोटात होती तेव्हापासून, दोन महिने झाले मी नीट झोपले नाही, आता आठवतही नाही नीट झोप म्हणजे काय.

२० नोव्हेंबर
गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. एक काकू म्हणाल्या, "तुले काय शिकवा बाई, तूच तं नर्स!" सगळ्या हसल्या. मीही हसले.
म्हणून कोणीच काही शिकवत नाही.
छाती दगडासारखी झाली आहे. ती तोंड लावते, दोनदा ओढते, सुटते आणि किंचाळते. बसून पाहिलं, आडवं होऊन पाहिलं, काखेतून धरून पाहिलं. ट्रेनिंगमध्ये बाहुली घेऊन मी दाखवायची हे सगळं. बाहुली कधी किंचाळली नाही.
चौथ्यांदा सुटली तेव्हा तिला गादीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे जरा जोरात. तिला काही झालं नाही. गादी मऊ आहे, खाली दोन गोधड्या. आई अंगणात कपडे वाळत घालून राहिली होती, तिला दिसलं नाही.
हे लिहायचं नव्हतं.

२१ नोव्हेंबर
आज सोमी आठवली.
आलापल्लीच्या पुढे माझं उपकेंद्र, तिथून दीड तास पायी तिचं गाव. साग संपून बांबू लागतो तिथं. एकोणीस-वीस वर्षांची असेल. पहिलं बाळंतपण. आमची आशा जानकीबाई आणि मी गृहभेटीला गेलो तर ही बाळाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलेली. बाळ गोणपाटावर, ओठ सुकलेले. सासू म्हणाली, पाजत नाही. मी विचारलं काऊन? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. पाच-सात बाया दारात उभ्या. मला परत दीड तास चालायचं होतं, ऊन चढून राहिलं होतं.
मी मोठ्यानं म्हटलं, "तुले लेकराची कीव येत नाई का? जनावर बी पाजते आपल्या पिलाले."
तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कसंच नाही. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर पाहावं तसं.
रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, माता सहकार्य करत नाही. सही केली.
बाळ दुसऱ्या महिन्यात गेलं. कागदावर न्यूमोनिया. असेलही न्यूमोनियाच.
दोन वर्षं झाली. एकदाही आठवली नव्हती.

२३ नोव्हेंबर, रविवार
मंगेश आला चिमूरहून. लाइनमनला सुट्टी रविवारीच, तीही तार तुटली नाही तर. सोबत सासूबाई. अळिवाचे लाडू, झबली, चांदीचे वाळे.
मं. दारातूनच "कुठी हाय माही वाघीण?" म्हणत आला. तिला उचलून फिरला, फोटो काढले, सगळीकडे पाठवले. मी पाहत होते. त्याला येतं. कोणी शिकवलं नाही, तरी येतं.
सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "पोरगी झाली म्हणून तोंड पाडू नको हो वैशाली. आमच्याकडं तसं काई नाई."
मी म्हटलं, "तसं नाही आई."
"मंग काऊन अशी बसली?"
काय सांगू. मुलगा असता तरी अशीच बसले असते. सांगितलं, झोप होत नाही. त्या म्हणाल्या, "कोणाची होते?" खरं आहे.
जाताना मं. म्हणाला, "मले वाटलं तू खुश होशीन." तक्रार नव्हती. खरंच वाटलं होतं त्याला. मलाही वाटलं होतं. सात वर्षं वाट पाहिली आम्ही. तीन वर्षं नागपूरच्या चकरा. गोळ्या, इंजेक्शनं, सासूबाईंनी न बोलता सोडलेले उसासे. हिच्यासाठी. या तोंडासाठी.

२४ नोव्हेंबर
ती रडते. आई म्हणते, भूक लागली. मी उठते. उठते म्हणजे अंगाला सांगते, ऊठ.

२६ नोव्हेंबर
आईला म्हटलं, मेडिकलमध्ये जाऊन येते. बाळंतिणीनं बाहेर पडू नये म्हणून ती ओरडली, कानाला रुमाल बांध म्हणाली. बांधला.
मेडिकलकडे वळलेच नाही. सरळ बस स्टँड. वरोऱ्याच्या स्टँडवर सकाळी कापूसवाल्यांची गर्दी, सगळे आपापल्या कामात. चंद्रपूरची बस लागलेली. चढले. खिडकीजवळ बसले. ठरवून नाही. ठरवलं असतं तर पिशवी घेतली असती. हातात शंभराची नोट आणि रुमाल.
बस सुटली. खिडकीतून वारा. पहिल्यांदा किती दिवसांनी छातीत हवा गेली. मी कोणाची कोणी नव्हते. वाटलं, चंद्रपूरला उतरेन, मग दुसरी बस, मग पुढं कुठंतरी. आई तिला वाढवील. मं. दुसरं लग्न करील, चांगली बाई मिळेल त्याला. माझ्यापेक्षा वाईट तर नाही मिळणार.
भद्रावती यायच्या आधी बाजूला बसलेल्या बाईनं माझ्या पदराकडे पाहिलं. समोरचं सगळं ओलं झालं होतं. मला कळलंच नव्हतं. घरी उतरत नाही ते दूध बसमध्ये वाहून राहिलं होतं.
ती म्हणाली, "घरी लहान लेकरू हाय का बाई?"
मी मान हलवली.
"किती दिसाचं?"
"सतरा."
तिनं आपली शाल काढून माझ्या अंगावर टाकली. भद्रावतीला मी उतरले. शाल परत द्यायला लागले तर म्हणाली राहू दे.
समोरून येणाऱ्या बसनं परत आले. सव्वातीन तास. आई तिला वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजून राहिली होती. माझ्या अंगावरच्या शालीकडे पाहिलं. एवढंच म्हणाली, "मेडिकल लई लांब गेलं वाटते."

२७ नोव्हेंबर
परत का आले, माहीत नाही. दूध आलं म्हणून आले असेन. आल्यावर मात्र आटलं.

२९ नोव्हेंबर
आई दुपारी विहाराच्या साफसफाईला जाते, सहा डिसेंबर जवळ आला म्हणून. दोन तास आम्ही दोघीच.
काल रडत होती. घेतलं नाही. बाजेवर बसून भिंतीकडे पाहत राहिले. थकून झोपली. आई आली, विचारलं, पाजलं? मी म्हटलं, हो.
आज पण.
मी नर्स आहे. वीस दिवसांचं कमी वजनाचं बाळ चार तास उपाशी राहिलं तर काय होतं, मला पाठ आहे. साखर उतरते. अंग गार पडतं. मग रडतही नाही, आणि आईला वाटतं, झोपली बरं झालं. हे मी शिकवते बायांना. फळ्यावर लिहून.
आणि आईला म्हटलं, हो, पाजलं.

३० नोव्हेंबर, रविवार
मं. आला नाही. कुठंतरी खांब पडला. बरं झालं.
मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल, हा विचार आता येत नाही, राहतोच. घड्याळाच्या आवाजासारखा. लक्ष दिलं की ऐकू येतो.

२ डिसेंबर
आईला कळलं.
आई आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस होती, वस्तीतली सगळी पोरं तिनं काट्यावर ठेवलेली. सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळून अंगणवाडीत घेऊन गेली. परत आली आणि दार लावलं.
"एक किलो आठशे दहा."
मी ओले केस पुसत राहिले.
"वैशू. तू पाजतं का नाई तिले? खरं सांग."
"पाजते."
"खोटं नको बोलू. मी तुही माय हाय."
मग मी म्हटलं, "कधी कधी नाही पाजत." आणि म्हटलं, "मला नको आहे ती, आई." हे बोलले मी. तोंडातून निघालं, परत नाही घेता आलं.
वाटलं, मारेल. मी लहान असताना मारायची. मारलं नाही. बाळाला छातीशी धरून खाली बसली. किती वेळ बसली. तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही.
मग उठून म्हणाली, "चल. रिक्षा बोलावते. दवाखान्यात."
"मी कोणत्या तोंडानं जाऊ? ओळखतात मला तिथं."
"तुह्या तोंडाचं मंग पाहू."

३ डिसेंबर
भरती केलं. तिला उबेच्या पेटीत ठेवलंय, नळीनं दूध. माझंच, पिळून काढलेलं. थोडं थोडं उतरतं.
वॉर्डातली सिस्टर चोवीस-पंचवीसची. मला धरायचं कसं ते शिकवून राहिली. "ताई, हनुवटी अशी टेकवा. घाई नका करू. तिला पण वेळ लागते." मी मान हलवत होते. सांगितलं नाही मी कोण ते. मग दुसरी आली, माझ्याकडे पाहून थबकली. "मॅडम, तुम्ही आमच्या बॅचला ट्रेनिंगला आला होता ना? स्तनपानाचं सत्र तुम्हीच..."
मी म्हटलं, "हो."
 शिकवणारी लाल झाली. मी म्हटलं, "तू शिकव. चांगलं शिकवतेस." खरंच चांगलं शिकवत होती. मी कधी बायांना सांगितलं नव्हतं, तिला पण वेळ लागतो असं.

६ डिसेंबर
आई पहाटे पांढरी साडी नेसून विहारात गेली, तिथून वॉर्डात आली. डबा उघडला, मी दोन घास खाल्ले.
तिनं सांगितलं, मी झाले तेव्हा तीसुद्धा पाच-सहा दिवस मला घ्यायची नाही. तिची सासू म्हणाली, बाहेरचं लागलं. "बाबासाहेबाचे लोकं आपण, आपल्यात बाहेरचं नसते, पण तरी लिंबू उतरवलं माह्यावरून. मी बी गप उतरवू देल्लं."
"मग?"
"मंग गेलं ते. कसं गेलं ते नाई ध्यानात. धान कापायले गेली शेतात, तिथंच गेलं असन."
मला एकोणतीस वर्षं हे माहीत नव्हतं.
विचारलं, "नसतं गेलं तर?"
तिनं डबा बंद केला. 

८ डिसेंबर
दवाखान्यातून सुट्टी मिळाली. १ किलो ९५०. आई माझ्याजवळून उठत नाही. विहारात नाही, बाजारात नाही. लक्ष ठेवून आहे. बाळावर की माझ्यावर, विचारलं नाही.
ती ओढते आता. सात-आठ मिनिटं. मी भिंतीकडे पाहते आणि आकडे मोजते.

१० डिसेंबर
मं. आठवड्याच्या मधेच आला. आईनं फोन करून बोलावलं असणार. संध्याकाळी आई तिला घेऊन शेजारी गेली, मुद्दाम.
सगळं सांगितलं त्याला. गादीवर टाकलं ते, बस, खोटं बोलले ते. तो विजेच्या खांबावर चढणारा माणूस, भीत नाही कशाला. पण मागं सरकला. थोडासाच, बसल्या जागी. मला दिसलं.
म्हणाला, "सगळ्याच बायांले थोडंफार होते ना असं?"
मी म्हटलं, "थोडंफार नाही हे."
बराच वेळ नखानं टेबलाचा रंग खरवडत बसला. मग विचारलं, "तिले काई करशीन का तू?"
"माहीत नाही."
खरं उत्तर तेच होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं.
मग म्हणाला, "चंद्रपूरले डॉक्टर असते याचे. जाऊ." आणि थोड्या वेळानं, "माह्या आईले सांगू नको बस."

१२ डिसेंबर
चंद्रपूर. बाहेर बाकावर गर्दी. कोणी हसणारं, कोणी साखळीनं हात बांधलेलं, कोणी माझ्यासारखं, धुतलेले कपडे घालून नीट बसलेलं.
डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. मं.ला आणि बाळ घेऊन आलेल्या आईला बाहेर बसवलं. झोप, भूक, रडणं, मरावंसं वाटतं का, बाळाला काही करावंसं वाटतं का. एकेक विचारत गेल्या, घाई न करता. मी सांगत गेले. त्या लिहीत होत्या. मी उलटीकडून वाचायचा प्रयत्न केला. शेऱ्याच्या जागी काय लिहितात ते पाहायचं होतं. इंग्रजीत होतं, अक्षर लागलं नाही.
शेवटी म्हणाल्या, "हा आजार आहे. तुम्ही वाईट आई आहात असं नाही."
मी विचारलं, "दोन्ही असू शकतं का?"
त्यांनी पेन खाली ठेवला. "आत्ता तुम्हाला तसं वाटणारच," म्हणाल्या.
गोळ्या दिल्या. अंगावर पाजताना चालतात. असर दिसायला तीन-चार आठवडे. तोपर्यंत एकटीनं बाळाजवळ राहायचं नाही. मं.ला आत बोलावून हे पुन्हा सांगितलं. त्यानं शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.
परत येताना बसमध्ये बाळ आईकडे. मं. माझा हात धरून बसला वरोऱ्यापर्यंत.  मला हात सोडवून घ्यायचा होता, घेतला नाही.

१५ डिसेंबर
गोळीनं तोंड कोरडं. डोकं कापूस भरल्यासारखं. बाकी फरक नाही.
मं.नं आठ दिवसांची रजा टाकली. दुपटी धुतो. वाळत घालताना तारेवर चिमटे एका ओळीत लावतो, लाइनमन. शेजारचे पाहतात.

१७ डिसेंबर
सकाळी दहा मिनिटं बरं वाटलं. चहा चांगला लागला. लगेच भीती वाटली की आता जाईल. गेलं.

१९ डिसेंबर
जानकीबाईचा फोन आला, पोरगी कशी आहे विचारायला. शाळेच्या मागं टेकाडावर रेंज येते तिथून बोलत होत्या, मागं वारा. बोलता बोलता मी विचारलं, "सोमी कशी आहे?"

"ते गरोदर हाय सिस्टर. पाचवा लागला."
"नोंद? माझ्या रजिस्टरमध्ये तर नाही."
"नाई केली नोंद. ते म्हणे, सिस्टरले नोको सांगू. सिस्टर वरडते."
पाच महिने. ना लस, ना लोहाच्या गोळ्या, ना रक्त तपासणी. मला भिऊन. जंगलात वाघाला भितात तशी.
मी जानकीबाईंना माझं सांगितलं. सगळं. आई, मंगेश, डॉक्टर सोडून चौथं माणूस.  मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "सोमीले सांगू का हे?"
मी म्हटलं, "सांगा."

२१ डिसेंबर, रविवार
दुपारी चारला जानकीबाईंच्या फोनवरून सोमी. त्या गोंडीत तिला काहीतरी सांगत होत्या, मग फोन तिच्या कानाला लावला असावा. श्वास ऐकू आला.
मी खूप काही ठरवून ठेवलं होतं. एवढंच निघालं, "सोमी, तेव्हा तुझं चुकलं नव्हतं. मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले ते. तू आजारी होतीस, मला ओळखता आलं नाही."
ती जाऊ द्या म्हणाली नाही. म्हणायला नकोच होतं.
तिनं विचारलं, "झोप येते का सिस्टर तुमाले?"
मी म्हटलं, "नाही येत."
"मले बी नोती येत."
मग जानकीबाईंचा आवाज. "ते गेली खाली."
"तपासणीला येईल का?"
"येतो असं नाई म्हणली. येत नाई असं बी नाई म्हणली."
उपकेंद्रावर माझ्या जागी आलेली सिस्टर नवी आहे. तिला फोन करून सांगितलं, सोमी आली तर आधी बसायला द्या, पाणी द्या. बाळाचं काही विचारू नका. ती म्हणाली, "बरं मॅडम, पण कारण काय लिहू?" मी म्हटलं, काही लिहू नका.
फोन ठेवला आणि रडले. या दीड महिन्यात पहिल्यांदा आवाज काढून. मं. धावत आला, त्याला वाटलं काही झालं. झालं होतंच.
त्या बाळाचं नाव काय होतं, हे विचारायचं राहिलं. ठेवलं होतं की नाही कोण जाणे.

२२ डिसेंबर
काल रडले म्हणून आज हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही. आज कालच्यापेक्षा वाईट. दिवसभर पडून. पाजलं चार वेळा, आईनं आणून छातीशी लावलं म्हणून. बाकी वेळ वाटी-चमचा.
मं.ची रजा संपली, सकाळच्या बसनं गेला. जाताना दारात थांबला, मी उठेन म्हणून. उठले नाही.

२४ डिसेंबर
दीड महिन्याची लस. आई आणि मी गेलो. वजन २ किलो ६४०. इंजेक्शन देणारी सिस्टर म्हणाली, "मॅडम, तुम्हीच देता का?" गंमत करत होती. मी पाय धरला फक्त. सुई गेली, श्वास अडकला तिचा, तोंड उघडं आणि आवाज नाही, मग एकदम किंचाळली. आई तोंड फिरवून उभी राहिली. मी पाहत होते. हात हलला नाही. हजारदा धरलेत असे पाय.
ताप येणार हे माहीतच होतं. या लसीनं येतोच, एक-दोन दिवसांत जातो, घाबरू नका, तापाचे थेंब द्या, पाजत राहा. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते.
संध्याकाळी अंग तापलं. १०१. आईनं थेंबाची बाटली पुढं केली, किती द्यायचे विचारलं.
आठवेना.
डोस वजनावरून काढायचा असतो. कितीने गुणायचं ते आठवेना. नऊ वर्षं तोंडपाठ असलेलं. बाटलीवरची अक्षरं बारीक, डोळ्यांसमोर सरकून राहिलेली. आई पाहत होती माझ्याकडे, नर्सकडे पाहतात तसं. मी म्हटलं, थांब. मग म्हटलं, मला नाही आठवत. पायात कपडे घालते, असं काहीतरी आईला म्हटलं आणि सकाळच्याच सिस्टरच्या घरी गेले, दोन गल्ल्या टाकून. दारात उभी राहून विचारलं. तिनं सांगितलं. मी विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, "मॅडम, आत या, बसा, पाणी घ्या." नाही घेतलं.
पळत आले. रस्त्यात लक्षात आलं की पायात चपला नाहीत, आणि आईशी बोलताना मी चपलांना कपडे म्हटलं होतं.
थेंब दिले. थोडे ओठांवरून ओघळले. तेवढे पुन्हा द्यायचे की नाही, यावर पाच मिनिटं उभी राहिले. नाही दिले.
छातीशी लावलं. तोंड गरम. दोनदा ओढलं आणि सोडलं, डोळे मिटून कण्हत राहिली. मोठ्या माणसासारखी कण्हते. ओल्या फडक्यानं पुसून काढलं, कपाळ, मान, काखा. आई म्हणाली, "दे इकडं. मी बसते. तू गोळी घे अन् पड."
मी म्हटलं, नाही.
का म्हटलं माहीत नाही. गोळीचा असर होऊन आत माया आली म्हणून नाही. आत काही दिसत नाही, अजून तसंच आहे. फक्त तिला मांडीवरून खाली ठेवता येत नाही.
आई समोर बसली आहे, भिंतीला टेकून. झोपली नाही. माझ्यावर लक्ष ठेवून. ठेवू दे.
दुसऱ्यांदा ताप पाहून राहिले. थर्मामीटर काखेत आहे. एक मिनिट व्हायचं आहे.